चित्रपुस्तके, लहान मुलांची

चित्रपुस्तके, लहान मुलांची : अक्षरओळख होण्यापूर्वीच्या किंवा नुकतीच होऊ लागलेल्या वयातील मुलांसाठी तयार केलेली आणि आशयाचा निम्मा वा त्याहून अधिक भार चित्रांवर असलेली पुस्तके. सचित्र पुस्तक व चित्रपुस्तक हे दोन प्रकार सामान्य व्यवहारात एकच मानले जातात. परंतु त्यांत मूलभूत फरक आहे. सचित्र पुस्तकातील चित्रे काढून टाकली, तरी गोष्ट शिल्लक राहते. तिची शोभा तेवढी कमी होते. चित्रपुस्तकातील चित्रे काढून टाकली, तर गोष्टच उरत नाही, वा जी उरते ती वेगळीच असते. काही चित्रपुस्तकांत मजकूर मुळीच नसतो. वर्णमालेची व अंकांची पुस्तके, वस्तूंची व प्राण्यांची नावे सांगणारी पुस्तके, बडबडगीतांची पुस्तके, चित्रकथा, घड्या उलगडताच उभी राहणारी किंवा हलणारी चित्रे असलेली पुस्तके, तसेच जाड पुठ्ठ्याची वा कापडाची पुस्तके यांचा या प्रकारात समावेश होतो. [⟶ बालवाङ्‌मय].

स्वरूप व रचना : चित्रपुस्तकाची पाने बहुधा २४ किंवा ३२ असतात. यामागे कोणताही साहित्यिक विचार नाही. मोठा कागद छापून, घडी घालून व कापून जो फर्मा होतो, त्याच्या हिशेबाने ही संख्या ठरली. तथापि या अडचणीतूनच चित्रपुस्तकाची रचना घडली. पुस्तानी, शीर्षकपृष्ठ व प्रकाशनविषयक तपशील वगळता चित्रकाराच्या हाती बारा-पंधरा जोडपाने उरतात आणि कथेतील प्रत्येक वळण त्याला पान उलटण्याच्या क्षणाशी जुळवून घ्यावे लागते. उजव्या पानाच्या कडेशी धावणारे पात्र, दारामागून दिसणारी शेपटी, अर्धवट तोडलेले वाक्य ही सर्व पुढचे पान उलटावयास लावणारी साधने होत. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या लिप्यांच्या पुस्तकांत पात्रेही बहुधा त्याच दिशेने चालतात. उलट दिशेने आलेले पात्र परतत असल्यासारखे वा अडथळ्यासारखे वाटते. त्यामुळे असे पुस्तक उर्दूत आणताना केवळ मजकूर बदलून भागत नाही.

मजकूर व चित्र यांचा संबंध तीन प्रकारचा असू शकतो. चित्र शब्दांचीच पुनरुक्ती करते; शब्दांनी न सांगितलेले पुरवते; किंवा शब्दांच्या विरुद्ध काही सांगते. तिसरा प्रकार सर्वांत अवघड व मुलांना सर्वाधिक आवडणारा आहे. पॅट हचिन्झ या इंग्लिश चित्रकर्त्रीचे 'रोझीज वॉक' (१९६८, म. शी. 'रोझीचा फेरफटका') हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. अवघ्या ३२ शब्दांच्या एका वाक्यात एक कोंबडी आवारात फेरी मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते. तिच्या मागावर असलेला कोल्हा चित्रात पानोपानी दिसतो व दर वेळी फजीत होतो. मजकुरात मात्र त्याचा उल्लेखही नाही. वाचून दाखविणाऱ्या मोठ्या माणसाला जे सांगता येत नाही, ते ऐकणाऱ्या मुलाला दिसत असते. वाचता न येणारे मूल येथे वाचणाऱ्यापेक्षा अधिक जाणते ठरते, आणि या आनंदासाठीच ते पुस्तक पुनःपुन्हा वाचावयास लावते.

चित्रपुस्तकाला असे एकाच वेळी दोन वाचक असतात. एक डोळ्यांनी अक्षरे वाचतो, दुसरा कानांनी ती ऐकतो व डोळ्यांनी चित्रे पाहतो. म्हणून त्याच्या मजकुराची कसोटी ही उच्चारून पाहण्याची कसोटी आहे. छापील पानावर सुबक दिसणारे, पण मोठ्याने म्हणताना अडखळावयास लावणारे वाक्य चित्रपुस्तकात निरुपयोगी असते.

बालकाची चित्रदृष्टी : चित्र ही सर्वांना आपोआप कळणारी भाषा आहे, असा समज रूढ आहे. तो अंशतःच खरा आहे. ज्यूलियन हॉख्बर्ग व व्हर्जिनिया ब्रुक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात एका मुलाला १९ महिन्यांचे होईपर्यंत चित्रांपासून शक्य तितके दूर ठेवण्यात आले होते. त्यानंतर परिचित वस्तूंची रेखाचित्रे दाखविताच त्याने ती ओळखली. म्हणजे रेषेतून वस्तू ओळखणे शिकवावे लागत नाही. परंतु चित्र ही वस्तू नसून तिची खूण आहे, हे मात्र शिकावे लागते. ज्यूडी डीलोच यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांत (१९९८) नऊ महिन्यांची बालके चित्रातील वस्तू बोटांनी चोळताना व पानावरून उचलू पाहताना आढळली. दीड वर्षानंतर ती उचलण्याऐवजी बोट दाखवू लागतात. अमेरिकेप्रमाणेच आयव्हरी कोस्टमधील, चित्रांची फारशी सवय नसलेल्या बालकांतही हेच वर्तन दिसले.

चित्रातील खोली, अंतर व हालचाल दाखविण्याचे संकेत हे त्याहूनही अधिक सवयीचे असतात. विल्यम हडसन यांनी दक्षिण आफ्रिकेत केलेल्या चाचण्यांत (१९६०) जवळचा शिकारी व हरिण आणि दूरच्या टेकडीवरील लहान आकाराचा हत्ती असे चित्र दाखविले असता, चित्रांची सवय नसलेल्या अनेकांनी शिकाऱ्याचा रोख हत्तीवर आहे असे सांगितले. या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली. दोष पाहणाऱ्यांच्या समजुतीचा नसून तुटपुंज्या खुणांनी काढलेल्या चित्रांचा होता, असे अनेकांनी दाखवून दिले. तरी पळणाऱ्यामागच्या आडव्या रेषा म्हणजे वेग, एकाच पानावर चार वेळा काढलेला मुलगा म्हणजे चार मुले नव्हेत, यांसारखे संकेत पुस्तके हाताळूनच उमगतात, याविषयी दुमत नाही. घरात एकही चित्रपुस्तक नसलेले मूल शाळेत येते, तेव्हा त्याला अक्षरांबरोबर हेही शिकावयाचे असते. पाठ्यक्रमात याची दखल क्वचितच घेतली जाते.

वाचून दाखविताना मुले अक्षरांकडे पाहत असतील, ही पालकांची समजूतही प्रयोगांती टिकलेली नाही. मेरी ॲन एव्हान्स व झां सेंतोबँ यांनी कॅनडात नेत्रहालचालींच्या नोंदी घेऊन केलेल्या अभ्यासात (२००५) शाळापूर्व वयातील मुलांची नजर जवळजवळ सर्व वेळ चित्रांवर खिळलेली आढळली. चित्रपुस्तक हे अक्षरे शिकविण्याचे आडमार्गी साधन मानणाऱ्यांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे. अशा वाचनातून मूल शिकते ते शब्द, वाक्यांची वळणे, कार्यकारणाचा क्रम आणि पुस्तकात काहीतरी मिळते हा विश्वास. हा लाभही वाचणारी व्यक्ती मध्येच थांबून मुलाला बोलते करीत असेल, तर अधिक होतो, असे जी. जे. व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगातून (१९८८) दिसून आले.

इतिहास : मोरेव्हियन शिक्षणतज्ञ योहान आमोस कोमेनिअस (१५९२–१६७०) याचे 'ऑर्बिस सेन्सुॲलिउम पिक्टुस' (१६५८, म. शी. 'दृश्य जगाचे चित्रदर्शन') हे न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांत प्रसिद्ध झालेले पुस्तक मुलांसाठी मुद्दाम केलेले पहिले महत्त्वाचे चित्रपुस्तक मानले जाते. त्यात सु. १५० पाठ असून प्रत्येकाच्या माथ्यावर काष्ठठशाने छापलेले चित्र आहे. चित्रातील वस्तूंना क्रमांक देऊन तेच क्रमांक खालच्या मजकुरातील शब्दांना दिलेले आहेत. आरंभीची वर्णमाला प्राण्यांच्या आवाजांवरून शिकविली आहे. ज्ञानेंद्रियांना आधी जे भेटत नाही, ते बुद्धीत शिरत नाही, या विचारावर कोमेनिअसचे हे पुस्तक उभे आहे. ते एक शतकाहून अधिक काळ यूरोपात वापरात होते व त्याच्या अनेक भाषांत आवृत्त्या निघाल्या.

अठराव्या शतकात लंडनचा प्रकाशक जॉन न्यूबेरी याने मुलांसाठी पुस्तके छापणे हा स्वतंत्र व्यवसाय बनविला. त्याचे 'अ लिट्ल प्रिटी पॉकेट-बुक' १७४४ मध्ये निघाले. फेरीवाले विकत ती स्वस्त चोपडी आणि टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने लाकडाच्या आडव्या छेदावर कोरलेली सूक्ष्म चित्रे यांमुळे चित्र व मजकूर एकाच पानावर एकाच वेळी छापणे सुलभ झाले. ताम्रपटावरील चित्रे वेगळ्या यंत्रावर छापावी लागत व म्हणून ती पुस्तकात सुटी चिकटविलेली असत; चित्रपुस्तकाच्या वाढीला हा मोठा अडसर होता. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्‌रिख होफमान (१८०९–९४) यांनी बाजारात मनासारखे पुस्तक न मिळाल्याने आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी स्वतःच वहीत चित्रे काढून पद्ये रचली, ती 'श्ट्रुव्हेलपेटर' (म. शी. 'विस्कटलेल्या केसांचा पेटर') या नावाने ओळखली जाऊ लागली (१८४५). अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे त्यात शिंपी कापून नेतो. मुलांना भीती घालणाऱ्या उपदेशाचा हा कळस आहे की त्या उपदेशाचे विडंबन, याविषयी समीक्षकांत अद्यापि वाद आहे. मुले मात्र ते पुस्तक हसत वाचत आली.

खरे चित्रपुस्तक जन्मास आले ते लंडनमधील एडमंड एव्हान्स (१८२६–१९०५) या मुद्रकाच्या छापखान्यात. प्रत्येक रंगाचा वेगळा लाकडी ठसा एकावर एक अचूक बसवून छापण्यात तो निष्णात होता. भडक रंगांच्या स्वस्त पुस्तकांनाही चांगला चित्रकार व संयत रंग लाभले, तर ती खपतील, असा त्याचा विश्वास होता. त्यानुसार त्याने वॉल्टर क्रेन (१८४५–१९१५), केट ग्रीनअवे (१८४६–१९०१) व रँडॉल्फ कॉल्डिकॉट (१८४६–८६) यांच्याकडून चित्रे करून घेतली. ग्रीनअवेच्या 'अंडर द विंडो' (१८७९) या पुस्तकाच्या २०,००० प्रती छापण्याचा त्याचा निर्णय प्रकाशकाला अविचारी वाटला; त्या सर्व खपल्या. क्रेनने चौकट, अक्षरे व चित्र यांचा एकत्र विचार करून पान सजविले. परंतु या तिघांत श्रेष्ठ कॉल्डिकॉटच होय. १८७८ ते १८८५ या काळात दर नाताळाला दोन याप्रमाणे त्याची १६ पुस्तके निघाली. प्रचलित बडबडगीतातील ओळी तो तोडून पानोपानी विखुरतो व मधल्या जागेत रेषेच्या बळावर स्वतःची गोष्ट घालतो. थाळी चमच्याबरोबर पळून गेली, असे एका सुप्रसिद्ध इंग्रजी बडबडगीताच्या अखेरीस आहे. कॉल्डिकॉटने पुढचे एक चित्र जास्तीचे काढले : त्यात थाळी फुटून पडली आहे आणि सुरी व काटा हे चमच्याचे आईबाप तिला धरून घरी नेत आहेत. गीतात याचा मागमूसही नाही. चित्राने शब्दांच्या पुढे जाण्याचा हा आरंभ मानता येईल.

बीॲट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) हिने एका आजारी मुलाला १८९३ मध्ये लिहिलेल्या सचित्र पत्रातून 'द टेल ऑफ पीटर रॅबिट' ही कथा निर्माण झाली. प्रकाशकांनी नाकारल्यावर तिने १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. दुसऱ्या वर्षी फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत आवृत्ती काढली. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढेच असावे, हा तिचा आग्रह होता. तिचे ससे कोट घालतात, पण त्यांची हाडे व सांधे खऱ्या सशांचेच असतात. कोट हरवला की ते केवळ ससे उरतात व शेतकरी त्यांना पकडू पाहतो. प्राण्यांना कपडे घालून नाचविणाऱ्या असंख्य अनुकरणांना हे साधलेले नाही.

रशियन क्रांतीनंतर लेनिनग्राडमध्ये कवी सॅमुइल मार्शाक (१८८७–१९६४) व चित्रकार व्ल्यादीमिर ल्येब्येद्येव्ह (१८९१–१९६७) यांनी 'सर्कस' व 'आइसक्रीम' (दोन्ही १९२५) यांसारखी पुस्तके तयार केली. मोकळी पांढरी जागा, सपाट रंगांचे भौमितिक आकार, स्वस्त कागद, पातळ बांधणी व प्रचंड प्रती हे त्यांचे विशेष होत. १९३६ मध्ये 'प्रावदा' या पत्राने ल्येब्येद्येव्हच्या चित्रशैलीवर कठोर हल्ला केल्यानंतर ही प्रयोगशीलता आटली. तिचा प्रभाव मात्र बाहेर पसरला. पॅरिसमध्ये पॉल फोशे याने १९३१ पासून काढलेल्या 'पेर कास्तोर' मालिकेत अनेक रशियन स्थलांतरित चित्रकार होते. इंग्लंडमध्ये नोएल कॅरिंग्टन याने १९४० मध्ये सुरू केलेली 'पफिन पिक्चर बुक्स' ही सहा पेन्सांची मालिकाही सोव्हिएट पुस्तके पाहूनच सुचली. तीत मोठ्या कागदाची एक बाजू रंगीत व दुसरी एकरंगी छापून खर्च आवरला होता, आणि छायाचित्रणाचा खर्च वाचविण्यासाठी चित्रकार स्वतःच मुद्रणपट्टावर चित्रे रेखाटीत. अमेरिकेत वांडा गाग हिचे 'मिल्यन्स ऑफ कॅट्स' (१९२८) आणि फ्रान्समध्ये झां द ब्रूनॉफ याचे 'बाबार' (१९३१) ही पुस्तके याच सुमारास निघाली. बाबार हत्तीच्या राज्यातील वसाहतवादी छटांवर पुढे टीका झाली, ती रास्तच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑफसेट पद्धतीमुळे चित्रकाराला जलरंग, चिकटकाम, फाटका कागद यांपैकी काहीही वापरता येऊ लागले. लेओ लिओनी (१९१०–९९) याने आगगाडीत नातवंडांना रमविण्यासाठी मासिकाचे कागद फाडून जी गोष्ट सांगितली, तिच्यावरून 'लिट्ल ब्लू अँड लिट्ल येलो' (१९५९) हे पुस्तक झाले. त्यातील पात्रे म्हणजे केवळ रंगांचे ठिपके आहेत. एरिक कार्ल (१९२९–२०२१) याच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (१९६९) मध्ये सुरवंट खात जातो तशी पानांना भोके आहेत. ती पाडण्याचा खर्च अमेरिकेत परवडेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घ्यावी लागली.

मॉरिस सेंडाक (१९२८–२०१२) याचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) हे या कलेच्या इतिहासातील वळण होय. आईवर ओरडल्यामुळे उपाशी झोपावयास पाठविलेल्या मुलाची ही कथा जेमतेम साडेतीनशे शब्दांची आहे. आरंभी चित्र पानाच्या मध्यभागी लहान चौकटीत असते. मुलाचा राग व कल्पना वाढत जातात तसे ते पसरत जाऊन मजकुराला खाली ढकलते. राक्षसांच्या धिंगाण्याची तीन जोडपाने पूर्णपणे शब्दविरहित आहेत. नंतर चित्र पुन्हा आकसते, आणि अखेरच्या पानावर चित्र नसून फक्त शब्द आहेत. मूल या पुस्तकाने भेदरेल, अशी भीती प्रसिद्धीच्या वेळी अनेक ग्रंथपालांनी व मानसशास्त्रज्ञांनी व्यक्त केली होती. मुलांना राग येतो व त्या रागाची त्यांना स्वतःलाच भीती वाटते, हे ज्यांना मान्य नव्हते त्यांचा तो आक्षेप होता.

चित्रपुस्तकात कोणाची मुले दिसतात, हा प्रश्नही याच दशकात पुढे आला. एझ्रा जॅक कीट्स (१९१६–८३) याच्या 'द स्नोई डे' (१९६२) मध्ये बर्फात खेळणारा नायक कृष्णवर्णीय आहे आणि त्याचा वर्ण हा कथेचा विषय नाही. पुस्तकाला कॉल्डिकॉट पदक मिळाले. नॅन्सी लॅरिक हिने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्याआधीच्या तीन वर्षांत निघालेल्या पाच हजारांवर अमेरिकन बालपुस्तकांपैकी केवळ ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती.

जपानमध्ये फुकुइनकान शोतेन या संस्थेने मात्सुइ तादाशी यांच्या संपादनाखाली १९५६ मध्ये 'कोदोमो नो तोमो' (म. शी. 'मुलांचा सोबती') हे मासिक काढले. त्याचा प्रत्येक अंक म्हणजे एक स्वतंत्र चित्रपुस्तक असे व ते बालवाड्यांमार्फत अल्प किमतीत घरोघर जाई. लोकप्रिय झालेले अंक पुढे पक्क्या बांधणीत निघत. व्यवसायाचा धोका असा विभागला गेल्याने नव्या चित्रकारांना वाव मिळाला. 'तोत्तोचान' (१९८१) या आठवणींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादामुळे महाराष्ट्रात परिचित झालेली धूसर जलरंगचित्रे काढणाऱ्या इवासाकी चिहिरो (१९१८–७४) या त्याच परंपरेतील होत.

या क्षेत्रातील प्रमुख पुरस्कारांत अमेरिकेतील कॉल्डिकॉट पदक (१९३८ पासून) आणि चित्रकारांसाठीचा हॅन्स क्रिश्चन अँडरसन पुरस्कार (१९६६ पासून) यांचा समावेश होतो. बोलोन्या येथे १९६४ पासून बालपुस्तकांचा आंतरराष्ट्रीय मेळा व ब्रातिस्लाव्हा येथे १९६७ पासून चित्रांचे द्वैवार्षिक प्रदर्शन भरते.

भारत : चित्रे दाखवीत कथा सांगण्याची प्रथा भारतात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवरील चित्रे एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगत. हे खेळ केवळ मुलांसाठी नव्हते. तथापि एकाने गावे व इतरांनी चित्र पाहत ऐकावे, ही त्यांतील योजना चित्रपुस्तकाच्या वाचनाशी जवळचे नाते सांगते. या कलेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

मुद्रित चित्रपुस्तकाचा पाया बंगालमध्ये घातला गेला. उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांनी आपल्या पुस्तकांतील चित्रे फार वाईट छापली गेल्यामुळे हाफटोन पद्धतीचा स्वतः अभ्यास केला आणि कलकत्त्यात स्वतःचा छापखाना काढला. त्यांचे त्या विषयावरील लेख इंग्लंडमधील 'पेनरोझ' वार्षिकात प्रसिद्ध झाले. १९१३ मध्ये त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. रवींद्रनाथ टागोरांच्या 'सहज पाठ' (१९३०) या प्राथमिक वाचनमालेसाठी नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांनी केलेली लिनोठशांची काळी-पांढरी चित्रे भारतीय पाठ्यपुस्तकांत अद्यापि अतुलनीय आहेत. रंगांचा अभाव हा दारिद्र्याचा नव्हे, तर निवडीचा भाग असू शकतो, हे ती दाखवितात.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५७ मध्ये दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्ट व व्यंगचित्रकार शंकर (१९०२–८९) यांनी काढलेली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन संस्था स्थापन झाल्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' या मालेने एकच चित्रसंच घेऊन अनेक भारतीय भाषांत पुस्तके काढण्याचा मार्ग रूढ केला. तीत मिकी पटेल, पुलक बिश्वास, जगदीश जोशी यांसारख्या चित्रकारांचे काम देशभर पोहोचले. मंजुळा पद्मनाभन यांचे 'अ व्हिजिट टु द सिटी मार्केट' (१९८६) हे शब्दविरहित पुस्तकही याच संस्थेचे.

या योजनेमागील तांत्रिक युक्ती साधी आहे. चार रंगांच्या छपाईत मजकूर फक्त काळ्या पट्टावर ठेवला, तर बाकीचे तीन पट्ट तसेच ठेवून केवळ काळा पट्ट बदलला की पुस्तक दुसऱ्या भाषेत छापता येते. एकट्या मराठीत किंवा कन्नडमध्ये ज्या खर्चाचा मेळ बसणार नाही, तो दहा भाषांत विभागल्यावर बसतो. मात्र त्यासाठी चित्रकाराला रंगीत भूमीवर पांढरी अक्षरे काढता येत नाहीत, दुकानांच्या पाट्या कोऱ्या ठेवाव्या लागतात, आणि कोणत्याही प्रांताची विशेष खूण टाळण्याचा मोह होतो. परिणामी अशा पुस्तकांतील गाव पुष्कळदा कोठलेच नसते. मराठी अनुवादकाला तर जागा आधीच ठरलेली असते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा व रफार ओळीच्या वर आणि उकार खाली येत असल्याने नवशिक्या वाचकासाठी ओळींत अधिक अंतर सोडावे लागते. रोमन लिपीतील मजकुराला पुरलेली चौकट त्याला अपुरी पडते. मग टंक बारीक करण्यात येतो, किंवा वाक्य तोडण्यात येते. दोन्हींचे नुकसान मुलालाच सोसावे लागते.

१९९४ मध्ये चेन्नई येथे स्थापन झालेल्या तारा बुक्सने आदिवासी व लोककलावंतांना चित्रपुस्तकाचे सहनिर्माते केले. गोंड चित्रकार भज्जू श्याम, दुर्गाबाई व रामसिंग उर्वेती यांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' (२००६) हे काळ्या कागदावर हाताने छापलेले पुस्तक जगभर गाजले. रमेश हेंगाडी व शांताराम धडपे या वारली चित्रकारांच्या सहभागाने झालेले 'डू!' (२००९) हे क्रियापदांचे पुस्तक आहे. वारली चित्रात एकाच भूमीवर पेरणी, दळण, नाच, शिकार हे सर्व एकदम चाललेले असते. एकेक क्रिया शोधत बोट फिरविण्याच्या बालवाचनाला ही रचना जणू मुळातच अनुकूल होती. चेन्नईचीच तूलिका (१९९६) ही संस्था इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीसह इतर भारतीय भाषांत पुस्तके काढते.

मराठी : मराठी मुलांचे पहिले चित्रपुस्तक बहुधा अंकलिपीच असे. जत्रेत, किराणा दुकानात व शाळेजवळच्या टपरीवर मिळणाऱ्या या चोपड्यांत प्रत्येक अक्षरापुढे एक चित्र असते. 'ण' व 'ळ' यांनी मराठी शब्द सुरू होत नसल्याने तेथे बाण व कमळ काढावे लागते, आणि 'ङ' व 'ञ' यांच्या चौकटी बहुधा रिकाम्याच राहतात. छपाई सुमार, पण तिचा प्रसार कोणत्याही साहित्यिक पुस्तकाला लाभला नाही. वा. गो. आपटे यांच्या 'आनंद' (१९०६) सारख्या मासिकांनी मुलांना चित्रे दिली, तरी ती कथेला जोडलेली होती. पुढे अनेक नामवंत चित्रकारांनी मुलांच्या पुस्तकांसाठी काम केले. परंतु त्यांच्याकडून मुख्यतः मुखपृष्ठ व आतील चार-सहा रेखाचित्रे यांचीच अपेक्षा असे. पुस्तकाची कल्पनाच चित्रकाराने करावी, ही प्रथा पडली नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांत परिसरातील वस्तूंना मोठे स्थान होते. पाने, बिया, शिंपले यांच्या त्या साधनांमागे शैक्षणिक विचार होता, तसेच विकत घेण्याजोगी पुस्तके हाती नसणे हेही होते.

१९६७ मध्ये पुणे येथे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळ (बालभारती) स्थापन झाल्यावर पहिलीचे सचित्र पुस्तक खेडोपाडी पोहोचले. कित्येक घरांत तेच एकमेव चित्रपुस्तक होते व ते वर्षअखेर धाकट्या भावंडाकडे जाई. या पुस्तकांतील एखादे चित्र दोन पिढ्यांना आठवते, त्याचे कारण चित्राच्या गुणांइतकेच दुसरे चित्र उपलब्ध नसणे हेही आहे.

मॉस्को येथील प्रगती व रादुगा या प्रकाशनसंस्थांनी मराठीत काढलेली बालपुस्तके हा एक वेगळा अध्याय आहे. मोठा आकार, गुळगुळीत कागद, उत्कृष्ट रंगमुद्रण आणि अगदी नाममात्र किंमत यांमुळे १९७०–९० च्या दरम्यान ती मध्यमवर्गीय व कामगार वस्तीतील घरांतही दिसू लागली. बर्च वृक्ष, कोल्हे, अस्वले व समोवार यांची चित्रे पाहत अनेक मराठी मुले वाढली. ही पुस्तके एका राज्यसत्तेच्या प्रचारयंत्रणेच्या खर्चाने येत होती, हे खरे. पण त्यांतील बहुतेक लोककथांच्या चित्रांत प्रचार शोधूनही सापडत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएट संघ विसर्जित झाल्यावर त्यांचा पुरवठा थांबला आणि त्या किमतीत त्या दर्जाचे काहीही मराठी प्रकाशनव्यवसायाला देता आले नाही. ती पोकळी परदेशी परीकथांच्या गिरविलेल्या चित्रांनी व भडक रंगांच्या संचांनी बऱ्याच अंशी भरून काढली.

लेखन व चित्रे दोन्ही स्वतः करणाऱ्या माधुरी पुरंदरे (१९५२– ) यांच्या पुस्तकांमुळे मराठी चित्रपुस्तकाला स्वतःचे रूप लाभले. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या 'राधाचं घर' व 'यश' या मालिकांत राजे, पऱ्या वा बोधकथा नाहीत. घरातील माणसे, त्यांच्या सवयी व रोजचे लहानसहान प्रसंग आहेत. ओट्यावरची भांडी, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातील चपला यांतूनच कथेचा पुष्कळसा भाग सांगितला जातो. मजकूर बोलीच्या लयीत असून तो मोठ्याने वाचताना कोठेही अडत नाही. त्यांना साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला. 'चित्रवाचन' या त्यांच्या पुस्तकातील तपशिलांनी गजबजलेली चित्रे पाहून मुलांनी बोलावे, अशी योजना आहे. शहरी मध्यमवर्गीय घराबाहेरचे मूल—ऊसतोड कामगाराच्या पालावरचे, पाड्यावरचे, मासेमारांच्या वस्तीतले—मराठी चित्रपुस्तकात नायक म्हणून अजूनही विरळाच भेटते.

किंमत हा प्रश्न कायम आहे. बंगलोर येथे २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने स्वस्त पुस्तकांबरोबर २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची पुस्तके उपलब्ध केली. त्यांत मराठीबरोबर महाराष्ट्रातील काही आदिवासी भाषांतील पुस्तकेही आहेत. पडद्यावर मोठी चित्रे अनेकांना एकदम दाखविता येतात, हा वर्गात मोठाच लाभ. पान उलटण्याचा, चघळण्याचा व तेच पुस्तक उशाशी घेऊन झोपण्याचा अनुभव मात्र त्यात नाही. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथील क्वेस्ट या संस्थेचे 'गोष्टरंग' पथक बालपुस्तकांतील कथा आश्रमशाळांत नाट्यरूपाने सादर करते आणि प्रयोगानंतर तीच पुस्तके मुलांच्या हाती देते.